पंडितजी जोश भरायला नसतात

दसरा आला, तोफांच्या पूजेचे फोटो आले, की आमच्या नाशिकरोड-देवळालीच्या ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो: 'रणांगणावर कुणी नास्तिक उरत नाही. म्हणून तर फौजेत पंडित-मौलवी ठेवतात, लढाईआधी जवानांत जोश भरायला. आणि तिथंही प्रत्येक धर्माची चूल वेगळीच.' तीन वाक्यं, तिन्ही कच्ची.

पहिलं लगेच निकाली निघतं. आमच्या सोसायटीतले एक काका तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. देव मानत नाहीत. मंदिर परेडला जायचे, कारण 'हलवा चांगला असायचा'. मोठा दाखला हवा असेल तर दुसऱ्या महायुद्धातली लाल सेना, म्हणजे सोव्हिएत रशियाची फौज, घ्या. तिच्यात धर्मगुरू नव्हते, राजकीय कमिसार (कम्युनिस्ट पक्षाचे अधिकारी) होते, आणि तीच बर्लिनपर्यंत पोचली. १९४३ मध्ये स्टालिननं चर्चच्या प्रमुखांना बोलावून सवलती दिल्या, हेही खरं. पण स्टालिनग्राड त्याआधीच जिंकून झालं होतं.

आता जोश. तो भरायला उस्ताद, म्हणजे जवानांना शिकवणारे प्रशिक्षक, असतात, त्यासाठी पंडितजी लागत नाहीत. भारतीय सैन्यात धर्मगुरू नायब सुभेदार म्हणून भरती होतात. भरतीच्या जाहिरातीत त्यांची कामं दिलेली असतात: अंत्यविधी, रुग्णालयात आजाऱ्यांची विचारपूस, शिक्षा भोगणाऱ्या जवानांची भेट. यात जोश कुठं आहे?

काकांचा उजवा हात एकदा गोळ्यांच्या पेटीखाली चेंगरला. रुग्णालयात पंडितजी आले, पण त्यांनी पोथी उघडली नाही. खुर्ची ओढली, मोसंबं सोललं आणि म्हणाले, "घर पे चिठ्ठी लिखनी है?" पंडितजी बिहारचे, मराठीचा गंध नाही. काका सांगत गेले, ते ऐकू येईल तसं उतरवत गेले. गावी पत्र पोचलं तेव्हा वडिलांना वाटलं, पोरगं फौजेत जाऊन शुद्धलेखनही विसरलं.

१९४९ च्या जिनिव्हा करारातही लष्करी धर्मगुरूला वैद्यकीय पथकासारखंच संरक्षण आहे. तो पकडला गेला तरी युद्धकैदी ठरत नाही. शत्रूला त्याला ठेवून घेता येतं ते कैद्यांची सेवा करण्यापुरतंच. लढायला चिथावणं हेच त्याचं काम असतं, तर ही सवलत कुणी दिली असती?

राहिली वेगळी चूल. मिश्र पलटणीत मंदिर, गुरुद्वारा, मशीद, चर्च एकाच छपराखाली असतं, त्याला सर्वधर्मस्थळ म्हणतात. कसम परेडला, म्हणजे नव्या जवानांच्या शपथविधीला, सगळ्यांचे ग्रंथ एकाच मैदानावर येतात. आणि तोफखान्याचं निशाण (ध्वजाच्या जागी मानायचं चिन्ह) म्हणजे तोफच. ती कुठल्या एका धर्माची नाही. बाहेरचं उदाहरण द्यायचं तर ३ फेब्रुवारी १९४३ ला 'डॉर्चेस्टर' हे अमेरिकी जहाज बुडालं. त्यावरच्या चार धर्मगुरूंनी (दोन प्रोटेस्टंट, एक कॅथलिक, एक ज्यू) आपली लाइफ जॅकेटं काढून सैनिकांना दिली आणि चौघंही जहाजाबरोबर गेले.

एवढं मात्र मान्य, की काही पलटणी अजूनही जातवार, प्रांतवार आहेत. पण ती इंग्रजांच्या भरतीची देणगी आहे, पंडितजींची नव्हे.