लंडन १९४८ पूर्वी ‘एकरंगी’ होते काय?

लंडनविषयीचा एक दावा समाजमाध्यमांवर वरचेवर फिरतो. जून १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरिबियन बेटांवरील प्रवासी घेऊन टिलबरी बंदराला लागेपर्यंत हे शहर एकाच वंशाचे होते. त्याआधी परके आले ते खलाशी किंवा नोकर म्हणून, आणि आले तसे गेले. थेम्सच्या चिखलातून निघणाऱ्या जुन्या वस्तू त्या अस्सल इंग्रज लंडनचीच साक्ष देतात, असा त्याचा आशय असतो.

यातला पहिला भाग शहराच्या जन्मापाशीच अडतो. लंडन वसवले रोमनांनी, इसवी सन ४३ च्या स्वारीनंतर. ज्यांच्या बोलींतून इंग्रजी घडली ते अँगल आणि सॅक्सन लोक तिथे पुढे काही शतकांनी पोहोचले. थेम्सला मिळणारा वॉलब्रुक ओढा आज इमारतींखाली गडप झाला आहे. त्याच्या ओल्या गाळात २०१० नंतरच्या उत्खननात रोमन काळातील चारशेहून अधिक लाकडी लेखनफलक मिळाले. त्यांपैकी ८ जानेवारी ५७ ही तारीख असलेल्या फलकावर टिबुलस नावाच्या मुक्त गुलामाने ग्रेटस या दुसऱ्या मुक्त गुलामाला आपण १०५ देनारियस (रोमन चांदीची नाणी) देणे लागतो असे मान्य केले आहे. लंडनच्या सर्वांत जुन्या कागदपत्रांत मोडणारा हा दस्तऐवज म्हणजे लॅटिनमधली उधारी आहे!

‘आले तसे गेले’ हे म्हणणे अधिक खोडसाळ आहे. जॉन ब्लँक हा कृष्णवर्णीय तुतारीवादक इंग्लंडच्या सातव्या आणि आठव्या हेन्री राजांच्या दरबारी पगारी नोकर होता. १५११ च्या शाही सोहळ्याच्या चित्रगुंडाळीवर तो दोनदा दिसतो, आणि रोजचा पगार ८ पेन्सवरून १६ पेन्स करावा असा त्याचा अर्जही उपलब्ध आहे. उद्या निघून जाणारा माणूस असा अर्ज करीत नाही. १६१६ साली बंगालच्या उपसागराकडून आणलेल्या एका मुलाचा बाप्तिस्मा लंडनच्या चर्चमध्ये झाल्याची नोंद आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरील ‘लास्कर’, म्हणजे आशियाई खलाशी, यांच्यापैकी अनेकांना परतीचे जहाजच मिळत नसे; त्यांचे हाल इतके वाढले की १८५७ मध्ये लाइमहाउस येथे त्यांच्यासाठी निवारागृह उघडावे लागले. ब्रिक लेनवरील एकच इमारत पाहा: १७४३ मध्ये फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंटांचे प्रार्थनागृह, १८९८ मध्ये ज्यूंचे सिनेगॉग, १९७६ पासून मशीद. १९४८ नंतर स्थलांतराचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढले, हे निर्विवाद आहे. पण प्रमाण वाढणे वेगळे आणि आरंभ होणे वेगळे.

राहिला चिखल. त्यात हवा शिरत नसल्याने चामडे आणि लाकूडही शतकानुशतके टिकते, आणि ओहोटीच्या वेळी ते उघडे पडते. तिथे वारंवार सापडणारे दाढीवाल्या चेहऱ्याचे मातीचे चंबू जर्मनीतल्या ऱ्हाइन खोऱ्यात घडलेले आहेत. अर्थात चंबूवरून व्यापार सिद्ध होतो, वस्ती नव्हे. ही सावधगिरी आपणही पाळायला हवी. त्याच काठावर गणपतीच्या लहान मूर्ती, पणत्या आणि नारळही मिळतात. त्यावरून कुणी प्राचीन हिंदू लंडन शोधून काढील, तर तेही तितकेच फसवे ठरेल, कारण या वस्तू आजच्या लंडनकर हिंदूंनी थेम्सला गंगेच्या जागी मानून अर्पण केलेल्या आहेत.