अमिश लोकांबद्दलचं ते फॉरवर्ड परत आलंय

फॅमिली ग्रुपवर घोडागाडीचा फोटो आणि खाली मेसेज: "अमेरिकेतले आमिष लोक 300 वर्षं वीज, फोन, डॉक्टर, टॅक्स कशाशिवाय जगतात, त्यांना आजार होत नाहीत, म्हणून कोणी समाज सोडत नाही." काकांनी हात जोडलेत म्हणून तिथे गप्प बसलो. आधी म्हणजे आमिष नाही, अमिश. आमिष गळाला लावतात.

300 वर्षांचं ठीक आहे. 1693 च्या सुमारास स्वित्झर्लंड-अल्सास भागात याकोब अम्मान या पुढाऱ्याच्या मागे जो ख्रिस्ती गट फुटला ते हे, तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा मान्य नाही, मोठं झाल्यावर स्वतः ठरवून घ्यायचा.

आता वीज. मी फिलाडेल्फियात असताना लँकेस्टरकडे, म्हणजे तिथल्या अमिश वस्तीकडे, दोनतीनदा गेलो होतो, तिथे एका फर्निचरवाल्याच्या शेडमध्ये करवत, रंधा सगळं मशीनवर चालू, फक्त वायर नाही, जाड नळ्या, बाहेर डिझेल इंजिन धडधडतंय आणि त्याच्या दाबलेल्या हवेवर मशिनं फिरतायत. छपरावर सोलर पॅनेलही दिसतात. म्हणजे विजेचं वावडं नाही, बाहेरच्या जगाची तार घरात नको. फोनचंही तेच, शेताच्या कडेला जुन्या संडासाएवढी लाकडी खोपटी, आत फोन आणि आन्सरिंग मशीन, काम असलं की चालत जायचं. घरात फोन आला की माणसं एकमेकांकडे जायची थांबतात असा त्यांचा हिशोब. कार स्वतःची नको, पण भाड्याच्या गाडीत ड्रायव्हर घेऊन खुशाल जातात. आणि हे नियम वीस-चाळीस कुटुंबांची एकेक मंडळी (म्हणजे त्यांचं स्थानिक चर्च) स्वतः ठरवते, त्याला ऑर्डनुंग म्हणतात, त्यामुळे इथे चालतं ते पुढच्या वस्तीत चालेलच असं नाही.

टॅक्स भरतात बाबांनो! इन्कम टॅक्स, प्रॉपर्टी टॅक्स, सगळं. फक्त सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शनसाठीचा कर, नको, कारण म्हाताऱ्यांना सांभाळणं हे चर्चचं काम. 1961 मध्ये त्यावरून सरकारने पेनसिल्व्हेनियात एका शेतकऱ्याचे नांगराचे 3 घोडे जप्त करून विकले, बोंबाबोंब झाली आणि 1965 च्या कायद्यात स्वतःचा धंदा असणाऱ्या अमिशांना सूट मिळाली.

आजार होत नाहीत हे तर सपशेल खोटं. थोड्याच घराण्यांतून वाढलेला समाज, आपसातच लग्नं, त्यामुळे काही आनुवंशिक आजार उलट जास्त, लँकेस्टरमध्ये सहा बोटांची, ठेंगणी मुलं जन्मणारा एलिस-व्हॅन क्रेव्हेल्ड सिंड्रोम त्यातलाच. त्याच भागात 1989 पासून खास अशा मुलांसाठी क्लिनिक आहे, जनुकांची तपासणी होते तिथे, आणि त्याच्या खर्चासाठी हेच लोक गोधड्यांचे लिलाव करतात. विमा बहुतेक जण घेत नाहीत, बिल मोठं आलं की मंडळी वर्गणी काढते.

कोणी सोडत नाही? सोडतात की. बहुतेक मुलं राहतात हे खरं, पण शाळा आठवीपर्यंतच (1972 मध्ये सुप्रीम कोर्टाने विस्कॉन्सिनच्या केसमध्ये ते मान्य केलं), मग बाहेर पडून नोकरी कुठली करणार? बाप्तिस्म्याआधी गेलं तर बहिष्कार नाही. घेऊन मग गेलं तर काही ठिकाणी घरचे सख्ख्या पोराचं जेवणाचं टेबलसुद्धा वेगळं मांडतात.