त्या पोरांना मध्ये आणू नका

पटसंख्या कमी म्हणून आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा बंद पडायच्या बेतात आहे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर त्यावरून वाद चाललाय. त्यात दादाने लिहिलं, "इथं पोरांच्या डोक्यावर धड पत्रा नाही, आणि दिल्ली पॅलेस्टाईनच्या शाळांना पैसे वाटतेय." खाली अकरा अंगठे.

मी पॅलेस्टाईनमध्येच, वेस्ट बँकेतल्या रामल्लात शिकवते. भारत गेली काही वर्षं पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी शाळा आणि दवाखाने चालवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या उन्रवा या संस्थेला दरवर्षी 50 लाख डॉलर देतो, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस कोटी रुपये. एवढ्यासाठी आपल्या शाळेचा पत्रा अडलाय असं ज्याला वाटतं, त्याने राज्याचं शिक्षणावरचं अंदाजपत्रक एकदा उघडून बघावं.

माझी सहकारी बेथलेहेमहून येते. सरळ रस्ता जेरुसलेममधून आहे, पण तिचं ओळखपत्र हिरवं, म्हणजे वेस्ट बँकेचं; त्यावर परवान्याशिवाय जेरुसलेममध्ये जाता येत नाही. म्हणून वादी अन-नार या दरीच्या वळणांनी, 'कंटेनर' नावाच्या हाजिजवरून, म्हणजे इस्रायली तपासनाक्यावरून. पहाटे उठून ती आधी टेलिग्रामवर रस्ते बघते: सालिक (मोकळा), अझमे (गर्दी), मुगलक (बंद). मुगलक असेल तर तिचे पहिले दोन तास मी घेते. तिचा नवरा सरकारी शाळेत आहे. इस्राएल गोळा करतं तो कर पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे, म्हणजे इथल्या सरकारकडे, पुरता येत नाही, त्यामुळे 2021 च्या अखेरीपासून त्याचा पगार तुकड्यातुकड्यानेच होतो.

दादा म्हणतो, ओढ्याला पूर आला की आपणही शाळा बुडवायचोच की. खरंय. बाबा मला खांद्यावर बसवून पार करायचे. पण ओढा दुपारपर्यंत उतरायचा. आणि ओढ्याने मला कधी दप्तर उघडून दाखवायला लावलं नाही.

गाझाच्या अल-अझहर विद्यापीठात भारताने नेहरूंच्या नावाचं ग्रंथालय उभारून दिलं होतं. 2023 च्या युद्धात त्या विद्यापीठाच्या इमारती पडल्या. 2024 मध्ये गाझात तौजिही, म्हणजे तिथली बारावीची परीक्षा, झालीच नाही. हे सांगितलं तर दादाचं उत्तर, "मग पैसे पाण्यातच गेले ना?" त्या रात्री मी ग्रुप सोडला.

दोन दिवसांनी परत आले. दादाने कधी तोंडावर म्हटलं नाही, पण नऊ वर्षांत मी गावच्या शाळेला खडूची पेटीसुद्धा दिलेली नाही. इथे मात्र सकाळी झातरचा मसाला लावलेली भाकर खाताना मी "आमचा रस्ता", "आमची पोरं" म्हणत असते. शेजारीण चाळिशीची आहे. जेरुसलेम इथून पंधरा किलोमीटर, पण तिला परवाना मिळत नाही. मी भारतीय पासपोर्ट दाखवून कलंदियाचा नाका ओलांडते आणि येताना तिच्यासाठी तिथली काअक, म्हणजे तीळ लावलेला पाव, आणते. ती दर वेळी पाव नाकाशी धरून आधी वास घेते. तिच्यासमोर "आमचा रस्ता" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि गावात कुठल्या रस्त्याला आता आमचा म्हणू, तेही कळत नाही.

दादा, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीसमोर बस. मी तुझ्या बाजूने आहे, पत्र्याचे पैसे याच महिन्यात पाठवते. पण तुझ्या फलकावर माझ्या वर्गातल्या पोरांना आणू नकोस.