वकिलातीतला वकील

परदेशातील दूतावासाला मराठीत ‘वकिलात’ म्हणतात. हा शब्द ज्याने कोणी रूढ केला, त्याने माझ्या सुट्टीचा विचार केला नव्हता. मी आखातातील एका देशात आपल्या दूतावासाच्या कॉन्सुलर विभागात काम करतो आणि सुट्टी मिळाली की साताऱ्याला येतो. मी रिक्षातून उतरतो न उतरतो तोच आत्या पायरीवर उभी राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, “आमचा बाळू आला. तिकडं वकिलातीत असतो!” या एका वाक्याचा परिणाम म्हणून यंदा दुसऱ्याच दिवशी सकाळी सात वाजता, माझ्या अर्ध्या गालावर दाढीचा फेस असताना, शेजारचे अण्णा सातबाराचा उतारा आणि मोजणीचा नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून थेट मोरीच्या दारापर्यंत आले. त्यांच्या धाकट्या भावाने शेताचा बांध दोन हात अलीकडे सरकवला होता.

“अण्णा, मी तसला वकील नाही हो.”

“मग कसला? फौजदारी?”

१९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम २२ प्रमाणे दूतावासाच्या आवारात प्रमुखाच्या संमतीवाचून यजमान देशाच्या पोलिसालासुद्धा पाऊल टाकता येत नाही, आणि कलम २९ प्रमाणे मुत्सद्द्याला अटक करता येत नाही. हे कवच मात्र जिथे नेमणूक असेल तिथेच चालते. मायदेशात, त्यातही स्वतःच्या मोरीत, मनुष्य उघडाच असतो.

मी कसला वकील आहे हे समजावून सांगणे हा माझ्या प्रत्येक सुट्टीतील पहिला सोपस्कार असतो. लोकांच्या डोळ्यांसमोर झेंडा लावलेली मोटार आणि झुंबराखालची मेजवानी असते. झेंड्याची मोटार राजदूतांची. माझ्या वाट्याला काचेची खिडकी आणि टोकनचा आकडा येतो. खिडकीपलीकडे कोणाला बाळाचा जन्म नोंदवायचा असतो, कोणाला मुखत्यारपत्रावर शिक्का हवा असतो, कोणाला मालक पगार देत नसतो. मागे माण तालुक्यातला एक गवंडी आला होता. त्याचा पासपोर्ट पँटच्या खिशात राहून वॉशिंग मशीनमधून निघाला होता. पाने एकमेकांना चिकटली होती आणि छायाचित्रातील चेहरा धुऊन जाऊन फक्त एक कान आणि मिशीचे टोक शिल्लक होते. तो कान माझ्यापुढे धरून तो गवंडी म्हणाला, “साहेब, हा मीच हाय.” घरी पोहोचण्यापुरता एकेरी प्रवासाचा दाखला त्याला दिला, पण त्याआधी तो खरोखरच तो आहे याची खातरजमा करणे आले, आणि नुसत्या कानावरून ती होत नाही.

काही टोकने गमतीची नसतात. कोणी तिकडेच दगावला तर मृत्यूचा दाखला, शव टिकवल्याचे प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट आणि आमचे ना-हरकत पत्र जमवून पेटी विमानात चढवावी लागते, आणि गावाकडून येणारा फोन घ्यावा लागतो. त्याबद्दल मी साताऱ्यात बोलत नाही.

अण्णांच्या मागोमाग आत्याच्या भजनी मंडळातल्या काकू मुलाच्या व्हिसासाठी आल्या. ज्या देशात जायचे त्या देशाचा दूतावास व्हिसा देतो, आम्ही फक्त परदेशी लोकांना भारतात येण्याचा देतो, असे मी त्यांना दोनदा सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि आत्याकडे वळून म्हणाल्या, “म्हणजे परक्यांना देतो आणि घरच्यांना नाही.”

आत्याची स्वतःची मागणी निराळी आहे. डिप्लोमॅटिक बॅग म्हणून एक वस्तू असते आणि ती कोणाला उघडता किंवा अडवता येत नाही, हे एकदा मी बोलून गेलो, तेव्हापासून त्या थैलीत दोन किलो कंदी पेढे घालण्याचा तिचा आग्रह आहे. त्याच कराराच्या कलम २७ प्रमाणे तीत फक्त राजनैतिक कागदपत्रे आणि सरकारी कामाच्या वस्तू जाऊ शकतात, हे मी तिला सांगितले.

“मग साहेबांना दे नेऊन. साहेब सरकारीच की!”

अण्णा हे सगळे ऐकत बसले होते. आता त्यांनी ठेवणीतला मुद्दा काढला. “प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ साली गादीवरून काढलं. त्यांचा वकील म्हणून आपले रंगो बापूजी लंडनात चौदा वर्षं भांडले. महाराज काशीला वारले, १८४८ ला राज्य खालसा झालं, तरी गडी हटला नाही. आणि तुम्हाला दोन हात बांध जमंना?” साताऱ्याच्या माणसाला यावर उत्तर नसते. त्या चौदा वर्षांनंतर दावा जिंकला नाही, हे अण्णांना ठाऊक होते की नाही कोण जाणे. मी तो विषय काढला नाही.

शेवटी भावाला एक पत्र लिहून देतो, असे मी कबूल केले. पण हाताला वळण दूतावासाचे! तिथे सरकार सरकारला कडक निषेध कळवतानासुद्धा आरंभी अभिवादन करते आणि अखेरीस आदराची ग्वाही देते. त्यामुळे अण्णांच्या पत्राची सुरुवात अशी झाली: ‘अण्णा आपल्या बंधूंना सादर नमस्कार करतात आणि बांध दोन हात सरकल्याचे त्यांच्या निदर्शनास आणून देण्यात स्वतःचा बहुमान समजतात.’ आणि शेवट असा: ‘या निमित्ताने अण्णा बंधूंविषयीच्या आपल्या परमोच्च आदराचा पुनरुच्चार करतात.’ अण्णांनी ते तीन वेळा वाचले. “आदर जरा कमी करता येईल का?” एवढीच त्यांची दुरुस्ती होती. नमुना ठरलेला असतो, असे सांगून मी ती फेटाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पुन्हा दाढीला बसलो, तर मोरीच्या दारात धाकटे बंधू. एका हातात मी लिहिलेले पत्र, दुसऱ्या हातात मोती चौकातून आणलेला पेढ्यांचा पुडा.

“आमच्या थोरल्यानं आयुष्यात पहिल्यांदा मला नमस्कार घातला,” ते म्हणाले. “बांधाचं बसून बघू. पण आधी ह्याला जबाब द्या लिहून. आदर त्याच्यापेक्षा जास्त पाहिजे.”

मी फेस पुसून कागद घेतला. तेवढ्यात आत्याने पुडा उचलला, नाकाशी नेऊन पाहिला आणि माझ्या बॅगेशेजारी नेऊन ठेवला.

“हे आता सरकारी कामाचे झाले,” ती म्हणाली. “आता घाल थैलीत.”