नवा बांबू सुकतोय? आधी छाटणीची कात्री बाजूला ठेवा

बागेत शोभेसाठी लावलेला बांबू पिवळा पडू लागला की एक सल्ला हमखास पुढे येतो. तो इतक्या वेळा एकमेकांना पाठवला गेलाय की आता नियमच वाटतो: ‘पानं गळली म्हणजे बांबू मेला. काठ्या जमिनीलगत छाटा, बुंध्याशी मूठभर युरिया टाका, सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी घाला, बांबूला पाणी कितीही चालतं. पंधरा दिवसांत कोंब येतील. नाही आले तर उपटून दुसऱ्या जागी लावा.’ हे सगळं तंतोतंत पाळलं तर जगण्याच्या बेतात असलेलं रोपही हातचं जातं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘पानं गळली म्हणजे मेला.’ नाही. नव्या जागी आलेल्या बांबूची मुळं तुटलेली किंवा दुखावलेली असतात आणि वर पानांचा पसारा मात्र पूर्वीएवढाच असतो. तेवढ्या पानांना पाणी पुरवता येत नाही, तेव्हा झाड स्वतःच काही पानं सोडून देतं. शिवाय सदाहरित बांबूचीही जुनी पानं वर्षातून एकदा पिवळी पडून गळतात. फांदीच्या टोकाला सुईसारखी गुंडाळलेली नवी पानं दिसत असतील तर ती नेहमीची पानगळ आहे, काही करू नका.

जिवंत आहे की नाही हे फांदीवर तपासायचं. काठीची साल कडक असते आणि पिवळ्या काठीच्या जातींत रंगावरून काहीच कळत नाही. पेन्सिलीपेक्षा बारीक फांदी घ्या आणि नखाने हलकं खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत. फांदी वाकवल्यावर कटकन मोडली आणि आतून पेंढ्यासारखी कोरडी निघाली तर ती गेली. मग तिच्या खालची फांदी बघा, मग त्याच्या खालची. पेरांच्या गाठीवर टणक, टोकदार डोळे असतील तर तिथून पुन्हा पालवी येते. सगळ्या काठ्या वाळल्या असल्या तरी शेवटची तपासणी मातीत: बुंध्याजवळची माती हाताने बाजूला करून कंद, म्हणजे जमिनीखालचं आडवं खोड, बघा. निरोगी कंद घट्ट, आतून पांढरट-पिवळसर असतो. दाबल्यावर मऊ लागला, तपकिरी झालेला असला आणि कुजका वास आला, तर तो भाग वाचणार नाही. पण कंदाचा एखादा तुकडा घट्ट असेल आणि त्यावर डोळे असतील, तर आशा सोडू नका.

‘जमिनीलगत छाटा.’ सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. बांबू गवताच्या कुळातला आहे, पण हिरवळीसारखा कापून पुन्हा वाढवता येत नाही. कोंब जमिनीतून निघतो तो काही आठवड्यांतच पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर ती काठी ना उंच होते ना जाड. कापलेली काठी वर वाढत नाही. नवी काठी यायची तर कंदावरच्या डोळ्यातूनच. त्या डोळ्याला लागणारं अन्न कंदात आणि हिरव्या काठ्यांत साठलेलं असतं आणि त्यात भर घालतात ती शिल्लक पानं. सगळं छाटलं की साठ्यातलं अन्न गेलं आणि नवं तयार करणारी पानंही गेली. वर्षानुवर्षं रुजलेलं मोठं बेट असं छाटलं तर कंदाच्या मोठ्या जाळ्यावर तग धरतं, तेही पुढची दोन-तीन वर्षं बारीक काठ्या देत. बादलीभर मातीच्या गड्ड्यासह आलेल्या रोपाकडे तेवढी शिल्लक नसते.

मग कापायचं काय? पूर्ण वाळून तपकिरी-राखाडी झालेल्या काठ्या, तेवढ्याच, जमिनीलगत. लावताना मुळांचा गड्डा फुटला असेल आणि पाणी मिळूनही पानं सकाळीसुद्धा गुंडाळलेलीच राहत असतील, तर काठ्यांचा वरचा एक तृतीयांश भाग गाठीच्या लगेच वर कापा. त्याने पाण्याची मागणी कमी होते आणि खालच्या गाठींतून पालवी फुटते. त्यापेक्षा जास्त नको.

‘मूठभर युरिया टाका.’ युरियात 46 टक्के नत्र असतं. मूठभर एका जागी पडला की मातीत त्याचा अमोनिया होतो आणि क्षारांचं प्रमाण वाढतं. त्यात पहिली होरपळतात ती नुकती फुटलेली पांढरी मुळांची टोकं, म्हणजे ज्यांच्यावर झाडाचं सावरणं अवलंबून आहे तीच. मग पानांची टोकं आणि कडा तपकिरी होतात. ते पाहून आणखी खत घातलं जातं आणि रोप आणखी खचतं. आजारी बांबूला खत द्यायचं नाही. नवी पानं उलगडू लागली की बुंध्यापासून वीतभर दूर दोन-तीन किलो चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत वरून पसरा, मातीत कालवू नका. रासायनिक खत द्यायचंच असेल तर पहिला हंगाम जाऊ द्या, आणि तेव्हाही शिफारशीच्या निम्मंच.

युरिया टाकून झाला असेल तर दिसतील तेवढे दाणे उचला. पाण्याचा निचरा चांगला असेल तर अर्ध्या-अर्ध्या तासाने तीनदा भरपूर पाणी सोडून क्षार खाली धुऊन काढा. त्यानंतर माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, येईपर्यंत पाणी बंद.

पाण्याचा मुद्दा जरा सविस्तर, कारण नवे बांबू मरतात ते बहुतेक पाण्यामुळेच. तहानेने आणि अतिपाण्याने, दोन्हींनी, आणि दोन्हींत पानं पिवळी पडत असल्याने ओळखण्यात घोटाळा होतो.

रोपवाटिकेतून आलेलं रोप बहुधा कोकोपीट किंवा तशाच हलक्या मिश्रणात वाढलेलं असतं. सुरुवातीचे कित्येक आठवडे त्याची सगळी मुळं त्या गड्ड्यातच असतात. हे मिश्रण एकदा कोरडं पडलं की आकसतं आणि पाणी आत घेत नाही. वरून घातलेलं पाणी गड्ड्याच्या कडेने बाजूच्या मातीत उतरतं. वरून चिखल आणि आत कोरडं, अशी गत होते. म्हणून ओल तपासायची ती गड्ड्यात. बोटाएवढी जाड काडी बुंध्याजवळ 15 सेंटिमीटर खोल खुपसा, दोन मिनिटांनी काढा. काडी कोरडी निघाली तर पाणी हवं, माती चिकटून ओली निघाली तर नको. पानंही सांगतात: दुपारच्या उन्हात लांबीच्या दिशेने गुंडाळली जाऊन संध्याकाळी उघडत असतील तर काळजी नाही. पहाटेही गुंडाळलेलीच असतील तर तहान आहे. पानं सपाट, लुळी आणि सगळीकडून फिकट पिवळी पडली असतील आणि माती ओली असेल, तर मुळं गुदमरताहेत.

कोरड्या गड्ड्यासाठी गड्ड्याच्याच घेराचं आळं करा, बाजूने मातीचा चार बोटं उंच बांध घाला आणि झारीने हळूहळू 10 लिटर पाणी तीन हप्त्यांत सोडा. 30 सेंटिमीटर रुंद आणि तेवढ्याच खोल गड्ड्याला हे पुरतं. उन्हाच्या दिवसांत आठवड्यातून दोन-तीनदा, थंडीत त्याहून कमी; नेमकं किती ते काडी ठरवेल. रोज दोन वेळा वरवर शिंपडल्याने मुळं वरच राहतात.

आणि ‘पाणी कितीही चालतं’ हा समज बहुधा टेबलावर काचेच्या भांड्यात पाण्यात उभा असणाऱ्या ‘लकी बांबू’वरून आलाय. ते झाड बांबू नाहीच, ड्रॅसिना आहे. खऱ्या बांबूला मातीत ओल हवी तशी हवाही हवी. जागेबद्दल शंका असेल तर शेजारी 30 सेंटिमीटर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी पाण्याची पातळी तासाला दोन-तीन सेंटिमीटरही उतरत नसेल तर निचरा वाईट आहे. अशा ठिकाणी खड्ड्यात वाळू टाकून काही साधत नाही, भोवतालच्या चिकणमातीचं पाणी तिथेच येऊन साचतं. रोप 20-25 सेंटिमीटर उंच वरंब्यावर घेणं हाच उपाय.

‘पंधरा दिवसांत कोंब येतील.’ कोंब जातीच्या हंगामातच येतात. फायलोस्टॅकिससारखे धावत्या कंदाचे बांबू वसंतात कोंब देतात, उष्ण प्रदेशातले बेट करून वाढणारे बांबूसा उन्हाळा सरता सरता आणि पावसात. त्याआधी सुधारणेची खूण म्हणजे फांद्यांवरची नवी पानं. उबदार हवेत तीही चार ते आठ आठवडे घेतात. पहिल्या वर्षी झाड मुख्यतः जमिनीखाली काम करतं. खरी जोमदार काठी तिसऱ्या वर्षाच्या आसपास दिसते.

‘उपटून दुसरीकडे लावा.’ उपटलं की जुळू लागलेली बारीक मुळं पुन्हा तुटतात. हलवण्याची कारणं दोनच: पाणी साचणं, किंवा लावतानाच झालेली चूक. चूक म्हणजे एकतर बुंधा पूर्वीच्या पातळीपेक्षा चार बोटांहून खोल गाडला गेलाय, नाहीतर कुंडीत गोल गोल फिरलेली मुळं तशीच आत गेलीत. तेव्हा संध्याकाळी, भोवतालच्या मातीसकट उचला, गड्ड्याच्या कडेची वेटोळी मुळं तीन-चार ठिकाणी उभी चिरून मोकळी करा, जुन्याच पातळीला लावा आणि माती पायाने नव्हे, हाताने दाबा.

वाऱ्याचा उल्लेख त्या सल्ल्यात कुठेच नाही. उंच काठ्या हलल्या की गड्डा मातीत डुलतो आणि नवं मूळ दररोज तुटतं. काठ्यांच्या निम्म्या उंचीवर सैल, रुंद पट्टीने दोन-तीन खुंटांना बांधा आणि वर्षभर तसंच राहू द्या. आळ्यात पाच-सात सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, फक्त बुंध्याला टेकू देऊ नका. बांबूची गळलेली पानं झाडून टाकू नका, त्यातली सिलिका बांबूला परत मिळते.

पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर ते पाणी नव्हे, लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या मातीत हमखास होतं, चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह) फवारा. पानावर बारीक फिकट ठिपक्यांचे चौकोन आणि मागे पांढरं जाळं दिसलं तर कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, आहेत. पानांच्या मागून जोरात पाणी मारा, मग साबणाचं द्रावण, आठवड्याच्या अंतराने तीनदा.

पहिल्या हंगामात आलेले कोंब काडीसारखे बारीक असतील, काही मध्येच वाळूनही जातील. वाळलेले तेवढे काढा. जगलेला बारीक कोंब कितीही खुरटा दिसला तरी ठेवा, कारण पुढच्या कोंबाला अन्न त्याचीच पानं देणार आहेत.