खोकला ऐकवणारे स्पीकर

स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे रेकॉर्डिंगवाले आवाज तपासायला वापरतात तो स्पीकर, गाणं गोड करून देत नाही. घरचा साधा स्पीकर बेस जरा फुगवतो, ट्रेबलला जरा चकाकी देतो आणि आपण खूश. मॉनिटर मात्र लाल शाईचं पेन घेऊन बसलेल्या मास्तरांसारखा. वर्षानुवर्षं डोळे मिटून ऐकलेल्या ठुमरीत मला आता गायिका श्वास कुठे घेते ते ऐकू येतं, तबलजीच्या अंगठीचा टिचका ऐकू येतो आणि मागे कुणीतरी दाबून धरलेला, पण शेवटी न राहवलेला खोकला ऐकू येतो. ठुमरीही ऐकू येते म्हणा, पण सगळं लक्ष त्या खोकल्याकडे.

हे कौतुक दोन जोड्यांचं. एक पाच इंची वूफरची (वूफर म्हणजे स्पीकरमधला बेस वाजवणारा मोठा भाग), दुसरी आठ इंची. एक ठेवायची, एक परत करायची. सोपं वाटतं ना?

पहिली अट अशी की दोन्हींचा आवाज अगदी सारखा हवा. एखादी जोडी जरा मोठ्याने वाजली, अगदी एखाद्या डेसिबलने, की कान लगेच ‘अहाहा, काय स्पष्टता!’ म्हणतात. आता या मॉनिटरांच्या पोटातच अॅम्प्लिफायर असतो, त्यामुळे प्रत्येकाचं बटण वेगळं आणि तेही पाठीला. बटणावर खुणा नाहीत. टेबलावर पोट टेकून, हात मागे घालून, गाल कॅबिनेटला लावून मी ते बटण केसभर फिरवतो, तेवढ्यात कोपर लागून वायर निघते. चारांपैकी कोणत्या स्पीकरची, ते पुन्हा शोधायचं.

मग त्रिकोण. दोन स्पीकर आणि आपलं डोकं मिळून समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर, म्हणजे ट्रेबल वाजवणारा छोटा भाग, कानाच्या उंचीला यावा. उंचीसाठी शब्दकोशाचे खंड खाली गेले. तरी खोली आपलं घोडं दामटतेच. साडेतीन मीटर लांबीच्या खोलीत 49 हर्ट्झच्या आसपासचा स्वर बरोबर मध्यभागी बसलं की गायब होतो आणि भिंतीला टेकलं की दणाणतो. म्हणजे हजारो रुपयांचा फरक खुर्ची हातभर सरकवून फुकटात मिळतो. हे कुठल्याच खोक्यावर छापलेलं नसतं.

डोळेही गप्प बसत नाहीत. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी 1994 साली तेच स्पीकर लोकांना एकदा डोळ्यांदेखत आणि एकदा पडद्याआड ऐकवले, तर लोकांनी दिलेले गुण बदलले. म्हणून मीही चादर टांगली.

“अहो, ती धुतलेली चादर आहे!”

“परीक्षा चालू आहे.”

“कुणाची?”

याला उत्तर नव्हतं.

1978 साली यामाहाने एनएस-10 नावाचा स्पीकर घरगुती श्रोत्यांसाठी काढला. घरात त्याला कुणी फारसं विचारलं नाही, स्टुडिओंनी मात्र डोक्यावर घेतला. का, तर यावर बरं वाजलं की कुठेही बरं वाजेल! त्याचा ट्रेबल इतका बोचरा की रेकॉर्डिंगवाले ट्वीटरवर चक्क टिश्यू पेपर चिकटवत. मला हे वाचून फार धीर आला. बारकावे हवेत आणि सुखही हवं, हे भांडण आमच्याच घरातलं नाही तर.

माझा कौल शेवटी पाच इंचीला. आठ इंचीचा बेस खोल खरा, पण लहान खोलीत तो गाण्याआधी खिडकीच्या काचेला पोचतो. पाच इंचीत तानपुऱ्याच्या चारही तारा वेगळ्या लागतात आणि तरी तासभर बसवतं. निकाल मी घरात जाहीर केला.

“ते निळे दिवेवाले? रात्रभर डोळ्यांत येतात. दुसरे ठेवा.”

बारकाव्यांवरच्या माझ्या भाषणाचा उपयोग झाला नाही. तडजोड म्हणून दोन्ही दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावली. तेव्हापासून ट्रेबल किंचित मऊ झालाय असं माझं स्पष्ट मत आहे.