चिरंजीवांच्या हाती इस्त्री देऊ नका

पालकहो, हल्ली सोसायट्यांमधून एक घातक विचार फिरतोय. दहा-बारा वर्षांच्या मुलानं आपले कपडे आपण धुवावेत, वाळत घालावेत, जरा मोठा झाला की इस्त्रीही करावी, असं चांगली शिकलीसवरलेली माणसं उघडपणे बोलायला लागली आहेत. तुम्ही बळी पडू नका.

आधी वेळेचं बघा. सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसऱ्या क्लासची टेस्ट, रात्री मोबाईल. यात मोजे सुलटे करायला वेळ आणायचा कुठून? शर्टाच्या आतल्या लेबलावर इस्त्रीचं चित्र असतं. त्यात एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. हे कुठल्याही प्रवेश परीक्षेत विचारत नाहीत. विचारायला लागले की क्लास लावू.

शिवाय सध्याची व्यवस्था उत्तम चालली आहे. शर्ट काढून खुर्चीवर टाकायचा, दोन दिवसांनी तो कपाटात घडी होऊन उगवतो. मधे काय घडतं हे मुलाला कळता कामा नये. कॉलरला ब्रश कुणी मारला, खिशात राहिलेल्या टिश्यूचा मशीनभर झालेला भुगा काळ्या टी-शर्टवरून कुणी वेचला, पावसाळ्यात कुबट वास येतो म्हणून तेच कपडे पुन्हा कुणी धुतले, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून गठ्ठा मोजून कुणी आणला, या सगळ्या क्षुद्र गोष्टी. त्यानं फक्त बूट घालून दारात उभं राहावं आणि रिक्षावाले काका हॉर्न देत असताना विचारावं, "आई, माझा पीटीचा शर्ट कुठाय?" मग तुम्ही दोरीवरचा ओलसर शर्ट ओढायचा आणि इस्त्रीनंच वाळवायचा. मायलेकांचं नातं घट्ट होतं म्हणतात, ते असंच. (बाबांनी या वेळी पेपर थोडा वर धरावा.)

स्वावलंबनानं काय होतं, त्याचा दाखलाही आहे. दक्षिण आफ्रिकेत बॅरिस्टर गांधींना धोब्याचं बिल जड वाटायला लागलं. घरी धुतलेली पहिली कॉलर लावून ते कोर्टात गेले, तर खळ जास्त झालेली आणि इस्त्री नीट तापलेली नव्हती. खळ गळायला लागली. बाकीचे बॅरिस्टर हसले. पुढे १९१२ साली नामदार गोखले तिकडे गेले. जोहान्सबर्गच्या मेजवानीला त्यांना न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेलं उपरणं घ्यायचं होतं, आणि ते चुरगळलेलं. मी इस्त्री करतो, असं गांधी म्हणाले, तेव्हा तुमच्या वकिलीवर भरवसा आहे, धोबीकामावर नाही, असं गोखल्यांनी साफ सांगितलं. फर्ग्युसनच्या माजी प्राध्यापकांचा शेरा आहे, हलक्यात घेऊ नका. गांधींनी मग हट्टानं इस्त्री केलीच आणि गोखल्यांनी त्यांना पास केलं, पण तेवढं मुलांना सांगू नये. आणि माणूस कॉलरपासून सुरू झाला तो कुठवर गेला बघा: चरखा, पंचा, संडास-सफाई. अशानं तुमच्या चिरंजीवांचं पॅकेज काय राहील?

ही सारी खबरदारी मुलग्यांची, हे वेगळं सांगायला नको. मुलीला मात्र हाताखाली घ्या, भावाचे दोन शर्ट तिच्याच बादलीत टाका. सवय झालेली बरी. केंद्र सरकारनं २०१९ साली सहा वर्षांपुढच्या सगळ्यांच्या वेळेचा हिशेब घेतला. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. ही ९७ मिनिटंसुद्धा जे करतात त्यांचीच. असे पुरुष शंभरात जेमतेम सव्वीस. इतक्या पिढ्यांनी जपलेली घडी तुमच्या एका पोरानं विस्कटायची?

हॉस्टेलला गेला की काय, ही भीती व्यर्थ आहे. जीन्स धुवायची नसते, हे तिथं पहिल्या आठवड्यात कळतं. बाकीचं सगळं मोठ्या बॅगेत कोंबून शनिवारच्या एसटीनं घरी येतं आणि रविवारी रात्री घड्या होऊन, डब्यातल्या चिवड्यासकट परत जातं. नोकरी लागली की बायोडेटात 'गृहकृत्यदक्ष वधू हवी' असं छापावं. मुलगीही नोकरीवाली निघाली आणि मशीनचं बटण तिनं यालाच दाबायला सांगितलं, तरी खचू नका.

तोवर तो न्यू जर्सीला पोचलेला असेल. नातवंडाच्या निमित्तानं आईला बोलावून घेता येतं, आणि व्हिजिटर व्हिसावर एका खेपेला साधारण सहा महिने राहता येतं. तेवढ्यात बाळाचेही कपडे होतात आणि बाळाच्या बापाचेही.